पेनिसिलिन घातलं तरी कल्चर फुटत नाही? आधी वाढ तपासा, मग औषध

पेशीभित्तिकेवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये ही तक्रार वरचेवर ऐकू येते. फ्लास्कमध्ये जिवाणू वाढवले, पेनिसिलिन किंवा अँपिसिलिन घातलं, दर दहा मिनिटांनी ओडी (द्रव किती गढूळ आहे याचं माप) घेतला, आणि आकडा काही खाली यायचं नाव घेत नाही. मागच्या वेळी हाच प्रयोग सुरळीत झाला होता, तासाभरात पेशी फुटून गढूळ कल्चर (जिवाणूंनी भरलेला द्रव) निवळलं होतं. आज तोच स्ट्रेन (जिवाणूचा वाण), तोच ब्रॉथ (वाढीचा द्रव), तोच स्टॉक (औषधाचं साठवलेलं द्रावण), आणि काहीच घडत नाही. साहजिकच पहिला संशय औषधावर जातो. नवा स्टॉक बनतो, डोस दुप्पट होतो, पुढच्या खेपेला प्रयोग जमतो आणि स्टॉकच खराब होता असं सगळे ठरवून टाकतात. मग काही आठवड्यांनी पुन्हा तेच.

या निष्कर्षातली गोम अशी की नवा स्टॉक बनवला त्या दिवशी कल्चरही नव्याने, जास्त काळजीने लावलेलं असतं. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या आणि श्रेय एकीलाच मिळालं. माझं मत ठाम आहे: अशा दहातल्या बहुतेक प्रसंगी औषध शाबूत असतं, जिवाणू मात्र वाढत नसतात. आणि वाढत नसलेल्या जिवाणूला पेनिसिलिन फोडत नाही. हे नीट पटलं की तपासाचा क्रम आपोआप बदलतो, म्हणून आधी तेवढा भाग बघू.

पेनिसिलिन नेमकं कुठे हात घालतं

जिवाणूची भित्तिका म्हणजे पेप्टिडोग्लायकनची एकसंध जाळी. एन-असिटाइलग्लुकोसामाइन आणि एन-असिटाइलम्युरामिक आम्ल या दोन शर्करांच्या आलटून-पालटून जोडलेल्या लांब साखळ्या असतात. म्युरामिक आम्लाला अमिनो आम्लांची एक छोटी शेपटी लटकलेली असते आणि नव्या घटकात त्या शेपटीच्या टोकाला डी-अ‍ॅलनिन, डी-अ‍ॅलनिन अशी जोडी असते. ट्रान्सपेप्टिडेज हे एन्झाइम शेवटचं डी-अ‍ॅलनिन काढून टाकतं आणि त्या जागी शेजारच्या साखळीची शेपटी जोडतं. हा आडवा बंध जाळीला ताकद देतो. आतला द्रवदाब कित्येक वातावरणांइतका असू शकतो, आणि तो सगळा ही जाळी पेलत असते.

१९६५ मध्ये टिपर आणि स्ट्रोमिंगर यांनी मांडलं की पेनिसिलिनचा रेणू आकाराने या डी-अ‍ॅलनिन जोडीसारखा दिसतो. एन्झाइम फसतं, त्याच्या क्रियास्थानातलं सेरिन हे अमिनो आम्ल पेनिसिलिनमधलं बीटा-लॅक्टम कडं उघडतं आणि औषध तिथेच सहसंयुज बंधाने चिकटून बसतं. ही चिकटलेली एन्झाइमं म्हणजेच पेनिसिलिन-बाइंडिंग प्रोटीन्स, थोडक्यात पीबीपी. त्याच वर्षी वाइज आणि पार्क यांनीही स्वतंत्रपणे आडवे बंध थांबल्याचं दाखवलं होतं. त्याच्याही आधी, १९४९ मध्ये पार्क आणि जॉन्सन यांना पेनिसिलिन दिलेल्या स्टॅफिलोकोकसमध्ये एक युरिडिन न्यूक्लिओटाइड साचलेलं आढळलं होतं. भिंतीचा कच्चा माल आतच पडून राहत होता, हे पुढे कळलं.

आता कळीचा मुद्दा. यात कुठेही पेनिसिलिन तयार भिंत कापत नाही. ते फक्त नवे बंध पडू देत नाही. कापण्याचं काम पेशी स्वतः करते. वाढायचं तर जुनी जाळी जागोजागी उसवून त्यात नवे टाके घालावे लागतात, आणि त्यासाठी प्रत्येक जिवाणूजवळ स्वतःची भित्तिका तोडणारी एन्झाइमं असतात: न्यूमोकोकसमध्ये लायटए, स्टॅफिलोकोकस ऑरियसमध्ये एटीएल, ई. कोलायमध्ये अमिडेज, एन्डोपेप्टिडेज आणि लायटिक ट्रान्सग्लायकोसिलेज यांचा मोठा गोतावळा. पेनिसिलिनने टाके घालणारा हात थांबतो, उसवणारा चालूच राहतो. २०१४ मध्ये चो, उएहारा आणि बर्नहार्ट यांनी ई. कोलायमध्ये याच्याही पुढची गोष्ट दाखवली. बंधन थांबलं तरी शर्करेच्या साखळ्या बनत राहतात आणि बनताक्षणी तोडल्याही जातात. या निष्फळ चक्रात पेशीचा कच्चा माल वाया जातो आणि विषारी परिणाम वाढतो.

वाढच थांबलेली असेल तर उसवणंही जवळपास थांबलेलं असतं. तुओमानेन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ई. कोलाय वेगवेगळ्या ठरावीक वेगांनी वाढवून बघितलं, तेव्हा बीटा-लॅक्टमने (हे कडं असलेल्या पेनिसिलिनसारख्या औषधाने) मारण्याचा वेग वाढीच्या वेगाच्या थेट प्रमाणात निघाला. म्हणून ओडी पडत नसेल तर पहिला प्रश्न हा विचारा: औषध घातलं त्या क्षणी हे जिवाणू किती वेगाने दुप्पट होत होते? हा आकडा वहीत नसेल तर पुढचं सगळं निदान अंधारात चालतं.

वाढ तपासायची कशी

औषध घालण्याआधीचे किमान तीन-चार ओडी हवेत आणि ते लॉग मापावर सरळ रेषेत पडायला हवेत. एलबी या नेहमीच्या पोषक ब्रॉथमध्ये ३७ अंशांवर ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. ग्लुकोज असलेल्या मिनिमल (अगदी मोजक्या घटकांच्या) माध्यमात त्याला तासभर लागू शकतो, आणि तिथे फुटणंही त्याच हिशेबाने लांबतं. एलबीची वेळ मनात धरून मिनिमल माध्यमातलं कल्चर चाळीस मिनिटांत फेकून देणारे बरेच असतात.

रात्रभर वाढलेल्या कल्चरमधून एकदाच शंभरपट विरलन करून ओडी ०.२ आला की लगेच औषध घालायचं, ही सर्वांत रुळलेली पद्धत. अडचण अशी की त्या ओडीत रात्रीच्या थांबलेल्या पेशींचाही वाटा असतो आणि सगळ्या एकाच वेळी जाग्या होत नाहीत. दोनदा विरलन करा. पहिल्या विरलनानंतर ०.३ पर्यंत वाढू द्या, मग गरम केलेल्या ताज्या ब्रॉथमध्ये पुन्हा ०.०२ च्या आसपास उतरवा, तिथून ०.२ ला येऊ द्या आणि मग औषध घाला. तासभर जास्त लागतो, पण उरलेल्या प्रयोगाची खात्री वाढते.

‘गरम केलेल्या’ या शब्दावर माझा जोर आहे. फ्रिजमधून काढलेल्या ब्रॉथमध्ये विरलन केलं की वाढ अडखळते. त्याहून जास्त वेळा दिसणारा प्रकार म्हणजे फ्लास्क शेकरमधून काढून टेबलावर ठेवायचा, नळ्यांवर नावं लिहायची, पिपेट शोधायचा आणि मग औषध घालायचं. तेवढ्यात कल्चर गार होतं, हवा कमी पडते. नळ्या, औषध, क्युवेट सगळं आधी मांडून ठेवा आणि औषध शेकरवरच घाला. फ्लास्क क्षमतेच्या एक-पंचमांशापेक्षा जास्त भरू नका.

उपासमारीचाही परिणाम असाच होतो. ज्या अमिनो आम्लावर स्ट्रेन अवलंबून आहे ते संपलं तर ई. कोलाय रेलए जनुकामार्फत भिंतीची बांधणीच आवरती घेतो आणि पेनिसिलिनला दाद देत नाही. मिनिमल माध्यमात काम करणाऱ्यांनी स्ट्रेनचा जीनोटाइप (त्याच्या जनुकांची नोंद) वाचून त्याला लागणारं सगळं मुबलक घालावं.

ओडी खोटं बोलतोय का?

इथे जरा थांबतो, कारण बऱ्याच ‘न फुटलेल्या’ कल्चरमध्ये खरं तर खूप काही घडून गेलेलं असतं. फक्त ओडी ते सांगत नाही.

औषध घातल्यावर पहिली वीस-तीस मिनिटं ओडी वाढत राहतो. हे अगदी बरोबर आहे, पेशी अजून वस्तुमान वाढवत असतात. मग आलेख सपाट होतो आणि नंतर घसरतो. घसरणही शून्यापर्यंत जात नाही, कारण फुटलेल्या पेशींची टरफलं प्रकाश विखुरतात. नळी हलवल्यावर द्रव चिकट, तार धरणारा वाटला तर डीएनए बाहेर आलेलं आहे. तो चिकटपणा आकड्यापेक्षा बोलका पुरावा आहे. शिवाय ०.५ च्या वर गेल्यावर बऱ्याच यंत्रांत ओडी आणि पेशीसंख्या यांचं सरळ नातं सुटतं. म्हणून नमुना विरल करून मोजा, आणि ब्लँकमध्ये औषधासकट ब्रॉथ घ्या.

सगळ्यांत फसवा प्रकार लांबलेल्या पेशींचा. १९४० मध्ये ऑक्सफर्डच्या गार्डनर यांनी नोंदवलं होतं की पूर्ण मारक नसलेल्या पेनिसिलिनमध्ये दंडाकृती जिवाणू विभागत नाहीत, नुसते लांबच लांब वाढतात. त्याचं कारण कळायला १९७५ उजाडावं लागलं. ब्रायन स्प्रॅट यांनी ई. कोलायमध्ये वेगवेगळ्या पीबीपींची वेगवेगळी कामं उलगडून दाखवली. पीबीपी ३ विभाजनाच्या आडभिंतीसाठी, पीबीपी २ दंडाकार टिकवण्यासाठी, आणि पीबीपी १ गट मुख्य बांधणीसाठी. कुठलं बीटा-लॅक्टम कुणाला आधी पकडतं यावर चित्र ठरतं. अ‍ॅझट्रिओनाम किंवा सेफॅलेक्सिनने पीबीपी ३ बंद होतो आणि पेशी धाग्यासारख्या लांबतात. मेसिलिनामने पीबीपी २ बंद होतो आणि त्या गोल होतात. झटपट फुटणं हवं तर पीबीपी १ए आणि १बी दोन्ही अडायला हवेत. अँपिसिलिनचा डोस कमी पडला तर धागे बनतात, वस्तुमान वाढत राहतं आणि ओडी खुशाल वर जातो. वही म्हणते औषधाचा परिणाम नाही, प्लेट (त्याच पेशी पसरलेली अ‍ॅगरची बशी) म्हणते कॉलन्या वाढलेल्या नाहीत. दोन्ही आपापल्या जागी खरं असतं.

यावर एकच उपाय आहे आणि तो स्वस्त आहे: दर पंधरा मिनिटांनी एक थेंब स्लाइडवर घेऊन फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकात बघा. ई. कोलायला पुरेसं अँपिसिलिन मिळालं असेल तर दंडाच्या मधोमध, जिथे तो विभागणार होता तिथे, एका बाजूला फुगवटा दिसू लागतो. फुगवटा काही मिनिटं टिकतो, पेशीचा काळेपणा कायम असतो. मग एका क्षणात ती काळी पेशी फिकट राखाडी होते, आतला ऐवज बाहेर गेलेला असतो आणि मागे फक्त आकार उरतो. अ‍ॅगरोजच्या पातळ थरावर पेशी ठेवून बघितलं तर एकाच पेशीचा हा प्रवास डोळ्यांसमोर घडतो. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने आलेख काढायच्या आधी हे बघावं असं मला मनापासून वाटतं, कारण एकदा ते बघितलं की ओडीचा आकडा कधीच नुसता आकडा वाटत नाही.

चार नळ्यांची परीक्षा

कारण सापडत नसेल तेव्हा एकच कल्चर चार नळ्यांत वाटा. पहिलीत औषध नाही. दुसरीत औषध. तिसरीत औषध, शिवाय वीस टक्के सुक्रोज आणि सुमारे दहा मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट. चौथीत औषध आणि प्रथिननिर्मिती थांबवणारं क्लोरॅम्फेनिकॉल. तिसऱ्या नळीत द्रवदाबाचा तोल राखलेला असल्यामुळे भिंत गेली तरी पेशी फुटत नाही, गोल होऊन तगते. जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५६ मध्ये पेनिसिलिनने याच मार्गाने ई. कोलायचे गोल, भित्तिकाहीन प्रकार मिळवले होते. हे गोळे साध्या पाण्यात विरल केले की लागलीच फुटतात. तसं झालं तर औषध काम करतंय आणि भिंतीवरच करतंय, याबद्दल शंका उरत नाही. मग दुसऱ्या नळीत फुटण्याला काय आडवं येतंय एवढंच शोधायचं राहतं. तिसऱ्या नळीतही पेशी दंडाकार, धडधाकट दिसल्या तर मात्र औषध पोहोचत नाही किंवा टिकत नाही, असं समजून पुढचा तपास करा. पण सुक्रोजमध्ये वाढ मंदावते, त्यामुळे वेळ थोडा जास्त द्या.

चौथी नळी फुटू नये. प्रथिननिर्मिती बंद झाली की वाढ बंद, आणि वाढ बंद तर पेनिसिलिन हतबल. हे केवळ प्रयोगशाळेतलं कौतुक नाही. १९५१ मध्ये न्यूमोकोकल मेनिंजायटिसच्या रुग्णांत पेनिसिलिनसोबत क्लोरटेट्रासायक्लिन (तेही प्रथिननिर्मिती थांबवणारं) दिल्यावर, एकट्या पेनिसिलिनपेक्षा मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त दिसलं होतं.

याच कारणाने पेशीसंवर्धनाच्या कपाटातली पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनची बाटली या प्रयोगासाठी उचलू नका. स्ट्रेप्टोमायसिन रायबोसोमवर जातं आणि जो परिणाम बघायचा आहे तोच दाबून टाकतं. त्या बाटलीवर पेनिसिलिन युनिटमध्ये लिहिलेलं असतं हाही घोळाचा एक उगम आहे. एक युनिट म्हणजे बेन्झिलपेनिसिलिन सोडियमचे ०.६ मायक्रोग्रॅम. शंभर युनिट आणि शंभर मायक्रोग्रॅम यांत जवळपास पावणेदोन पटींचा फरक पडतो.

औषध पोहोचतंय का, टिकतंय का

ई. कोलायवर बेन्झिलपेनिसिलिन वापरून ओडी पडत नाही म्हणून हैराण होणारे दरवर्षी भेटतात. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूच्या भित्तिकेबाहेर आणखी एक पटल असतं आणि बेन्झिलपेनिसिलिन त्यातून नीट आत जात नाही. अँपिसिलिनवरचा अमिनो गट त्याला या पटलातल्या पोरिन प्रथिनांच्या छिद्रांतून जायला मदत करतो. ग्रॅम-निगेटिव्हसाठी अँपिसिलिन घ्या, किंवा बेन्झिलपेनिसिलिनच हवं असेल तर बॅसिलस सबटिलिससारखा ग्रॅम-पॉझिटिव्ह निवडा.

एमआयसीचा (वाढ थांबवणाऱ्या किमान मात्रेचा) आकडा थेट उचलणं हा दुसरा सापळा. प्रमाणित एमआयसी चाचणीत दर मिलिलिटरला सुमारे पाच लाख पेशी असतात. ओडी ०.२ च्या ई. कोलाय कल्चरमध्ये त्या दहा कोटींच्या घरात जातात. ‘एमआयसीच्या दुप्पट’ हा डोस इतक्या गर्दीत अपुरा ठरू शकतो, आणि स्ट्रेन थोडंसं जरी बीटा-लॅक्टमेज (हे औषध तोडणारं एन्झाइम) बनवत असेल तर हमखास अपुरा ठरतो. एलबीतल्या साध्या प्रयोगशाळेच्या ई. कोलायला पन्नास ते शंभर मायक्रोग्रॅम प्रति मिली अँपिसिलिन हा रुळलेला डोस आहे. पण म्हणून डोस वाटेल तितका चढवू नका. काही स्ट्रेप्टोकोकस आणि स्टॅफिलोकोकस जातींत ठरावीक मर्यादेपलीकडे पेनिसिलिन वाढवलं की मरण्याचा वेग उलट कमी होतो, हे हॅरी ईगल यांनी १९४८ मध्येच दाखवलं आहे.

बीटा-लॅक्टमेजचा संशय आला की आधी स्ट्रेनची वंशावळ बघा. पीयूसी १९, पीबीआर ३२२ आणि बरीच पीईटी प्लाझ्मिडं (जिवाणूतली डीएनएची सुटी वर्तुळं) हेच एन्झाइम बनवणारं जनुक बाळगून असतात. ‘अँपिसिलिन रेझिस्टंट’ असं फ्रीझरच्या डब्यावर लिहिलेलं असतं, पण प्रयोगाच्या घाईत ते कुणी वाचत नाही. शंका असल्यास नायट्रोसेफिन लावा: पिवळं द्रावण लाल झालं की एन्झाइम आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियसमध्ये हे एन्झाइम बहुधा औषध दिसल्यावरच बनतं, त्यामुळे साध्या प्लेटवरची कॉलनी घेऊन केलेली चाचणी फसवी नकारात्मक येऊ शकते. पेनिसिलिनच्या चकतीभोवतीच्या कडेवरची वाढ घेऊन चाचणी करा. नियंत्रणासाठी निवडलेला स्ट्रेनही तपासा. एटीसीसी या संग्रहातला २९२१३ बीटा-लॅक्टमेज बनवतो, २५९२३ बनवत नाही. दोन्ही स्टॅफिलोकोकस ऑरियसच, दोन्ही जवळपास प्रत्येक फ्रीझरमध्ये.

एवढं करून आता स्टॉककडे या. बेन्झिलपेनिसिलिन कोरडं असताना चांगलं टिकतं, पाण्यात नाही. कडं उघडून पेनिसिलोइक आम्ल बनतं, त्याने द्रावण आम्लधर्मी होतं आणि विघटन आणखी जोर धरतं. म्हणून साध्या पाण्याऐवजी सहा ते साडेसहा पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये विरघळवा. तीव्र आम्ल आणि अल्क दोन्ही त्याला चालत नाहीत, जस्त आणि तांब्याचे आयन विघटनाला हातभार लावतात. लहान अ‍ॅलिकॉट (वेगवेगळे भाग) करा, शक्यतो उणे साठ अंशांखाली ठेवा, वितळवलेलं पुन्हा गोठवू नका. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर टाळा. पूड तोलताना हातमोजे आणि मास्क असू द्या, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी जीवघेणी ठरू शकते आणि ती आपल्याला आहे हे पुष्कळांना माहीत नसतं.

स्टॉक जिवंत आहे की नाही हे ठरवायला मोठी यंत्रं लागत नाहीत. संवेदनशील जिवाणूची लॉन (सलग थर) पसरून एकाच प्लेटवर जुना आणि नुकताच बनवलेला स्टॉक सारख्या मात्रेत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी निवळ वर्तुळांचे व्यास मोजा. ऑक्सफर्डमध्ये नॉर्मन हीटली यांनी १९४० च्या सुमारास काचेच्या छोट्या नळकांड्या वापरून पेनिसिलिनची ताकद याच तत्त्वावर मोजली होती. व्यास आणि मात्रा यांचं नातं लॉगचं असतं, त्यामुळे व्यासातला छोटा फरकही ताकदीतला मोठा फरक असू शकतो. निदान तीन-चार विरलनं लावून तुलना करा.

औषध बरं, वाढ बरी, तरी फुटत नाही

असे प्रसंग थोडे, पण सगळ्यांत रंजक. माध्यमाचा पीएच मोजा. आम्लधर्मी माध्यमात, पाचच्या आसपास, ई. कोलायचं बीटा-लॅक्टमने फुटणं दबतं, हे गुडेल, लोपेझ आणि टोमाश यांनी १९७६ मध्ये दाखवलं. ग्लुकोज भरपूर आणि बफर कमी असलेल्या माध्यमात कल्चर पाहता पाहता आम्लधर्मी होतं, आणि सकाळी मोजलेला पीएच दुपारी खरा राहत नाही. प्रत्यक्ष कल्चरमध्ये, औषध घालण्याच्या वेळी मोजा. मीठही बघा: एलबीच्या एका कृतीत लिटरला दहा ग्रॅम मीठ असतं, दुसरीत पाच. दोन तयार भुकट्या एकाच कपाटात असतील तर द्रवदाब वेगळा आणि फुटण्याचा वेगही वेगळा.

यातलं काहीच नसेल तर तुमच्या हाती कदाचित सहनशील स्ट्रेन आहे. १९७० मध्ये टोमाश आणि सहकाऱ्यांनी न्यूमोकोकसचे असे प्रकार दाखवले ज्यांची स्वतःची भित्तिका-विघटक यंत्रणा दबलेली होती. पेनिसिलिनने त्यांची वाढ थांबली, पण ते फुटले नाहीत. अशा जिवाणूची एमआयसी अगदी नेहमीसारखी येते, म्हणून एमआयसीवरून ते ओळखू येत नाहीत. इथे आलेख सपाट राहणं हा प्रयोगाचा निकाल आहे. त्या स्ट्रेनमध्ये ऑटोलायसिनची (स्वतःची भिंत तोडणाऱ्या एन्झाइमांची) जनुकं शाबूत आहेत का ते बघा, बाहेरून लायसोझाइम देऊन भिंत तुटते का ते बघा. औषध लक्ष्यावर बसलं आहे का हे बघायचं असेल तर बोसिलिनसारख्या चमकणाऱ्या पेनिसिलिनने पीबीपी रंगवून जेलवर चालवा: आधी साधं पेनिसिलिन दिलेल्या पेशींत पट्टे फिके पडले तर जागा आधीच व्यापलेल्या आहेत.

सगळं फुटलं आणि तरी थोड्या पेशी जिवंत राहिल्या, तर ते तुमच्या हातचं नाही. १९४४ मध्ये जोसेफ बिगर यांनी स्टॅफिलोकोकसमध्ये पेनिसिलिनला न मरणाऱ्या मूठभर पेशी नोंदवल्या आणि त्यांना पर्सिस्टर म्हटलं. त्या पुन्हा वाढवल्या की पुढची पिढी आधीसारखीच संवेदनशील निघते. त्यांची मोजणी करताना एक काळजी घ्या: नमुन्यासोबत औषधही प्लेटवर जातं आणि जिवंत पेशींना कॉलनी धरू देत नाही, मग संख्या खरीपेक्षा कमी येते. पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवून दोनदा धुवा, किंवा प्लेटवर थोडं पेनिसिलिनेज (पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम) घाला. सुक्रोजच्या नळीतला नमुना मात्र साध्या बफरने धुऊ नका. त्यातले गोळे धुण्याच्या पहिल्या फेरीतच फुटतील, त्यांच्यासाठी बफरमध्येही तेवढंच सुक्रोज हवं.